माउलीकडे जा, पण गोळी बंद करू नका

सप्टेंबर जवळ आला की जालना जिल्ह्यातल्या ख्रिस्ती वस्त्यांमध्ये गाड्या ठरू लागतात. कोणी हरेगावच्या मतमाउलीला निघतं, कोणी बांद्र्याच्या मोत माउलीला. ज्यांचा नवस मोठा असतो, ते वेलंकनीची रेल्वेची तिकिटं कितीतरी आधी काढून ठेवतात. ८ सप्टेंबर हा पवित्र मारियेचा जन्मदिन. त्याच्या आगेमागे या सगळ्या यात्रा भरतात. गाडीत नुसते धडधाकट लोक नसतात. गुडघे धरलेल्या आज्या असतात, मूल न झालेली जोडपी असतात, फिट येणारी पोरं असतात, कॅन्सरचं ऑपरेशन झालेली बाई असते, महिनोन्‌महिने कोणाशी न बोललेला तरुण मुलगा असतो. त्यांना जे घेऊन निघतात, त्या आई-वडिलांना आणि भावा-बहिणींना मला काही सांगायचं आहे.

यात्रेला जाऊ नका, असं मी सांगणार नाही. मी स्वतः कॅथलिक आहे, नऊ दिवसांची नोव्हेना करते, हरेगावला जाते. माझी सगळी नोकरी मात्र दवाखान्यात गेली. त्यामुळे यात्रेहून परत आलेली माणसं मी दोन्हीकडे पाहिली आहेत, चर्चमध्ये साक्ष देताना आणि दवाखान्याच्या कॉटवर.

एक मुलगा अजून डोळ्यांसमोर येतो. नऊ-दहा वर्षांचा. दोन वर्षं फिटच्या गोळ्या चालू होत्या आणि फिट जवळपास थांबली होती. घरच्यांनी नवस फेडला. परत येताना वडिलांनी गोळ्यांची पाकिटं फेकून दिली, कारण गाडीतलं कोणीतरी म्हणालं, ‘माउलीकडे जाऊन आल्यावर पुन्हा गोळी देणं म्हणजे तिच्यावर विश्वास नाही.’ आठवडाभरात पोराला एकामागून एक फिट आल्या आणि बेशुद्ध अवस्थेत त्याला दवाखान्यात आणलं. तो वाचला. वडील बाहेर बाकावर बसून होते, आणि गोळी बंद केल्याचं डॉक्टरांना सांगायला त्यांची जीभ उचलत नव्हती. ‘आमचाच विश्वास कमी पडला’ एवढंच ते म्हणत होते.

हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलं आहे. ते खरं नाही, आणि आपल्या चर्चची शिकवणही तशी नाही. ती शिकवण काय आहे, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना कोणी नीट सांगितलेलंच नसतं. म्हणून थोडं लांबून सुरुवात करते.

फ्रान्समध्ये लुर्द नावाचं गाव आहे. तिथे ११ फेब्रुवारी १८५८ रोजी बर्नादेत सुबिरू ही चौदा वर्षांची मुलगी जळण गोळा करायला नदीकाठी गेली आणि मासाबिएल नावाच्या कपारीत तिला एक स्त्री दिसली. घर अतिशय गरीब, आणि मुलीला लहानपणापासून दमा. १६ जुलैपर्यंत तिला असं अठरा वेळा दर्शन झालं. आपल्या गावात असं काही झालं तर काय होईल? त्याच संध्याकाळी पेटी ठेवली जाईल, बॅनर लागेल, व्हिडिओ फिरतील. लुर्दमध्ये आधी पोलिसांनी तिची उलटतपासणी केली. गावचे फादर पेरामाल तिला दरडावून प्रश्न विचारत होते. लोक पैसे आणि वस्तू देऊ करायचे, ती काही घेत नसे. त्याच उन्हाळ्यात गावातल्या आणखी कितीतरी जणांनी ‘आम्हालाही दर्शन झालं’ म्हणून सांगायला सुरुवात केली, तेव्हा सरकारनं त्या कपारीला कुंपण घातलं. बिशपांनी चौकशी समिती नेमली आणि तिनं जवळजवळ साडेतीन वर्षं घेतली. बर्नादेतचं दर्शन विश्वास ठेवण्याजोगं आहे, असा निर्णय १८ जानेवारी १८६२ रोजी झाला. बाकीच्यांची दर्शनं चर्चनं मानली नाहीत.

त्या कपारीतल्या झऱ्याच्या पाण्याचंही असंच आहे. १८५८ मध्येच तुलूझच्या फिलॉल नावाच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी ते तपासलं. पिण्याजोगं साधं पाणी, रोग बरा करणारं कोणतंही खास द्रव्य त्यात नाही, असा त्यांचा अहवाल होता. चर्चनं तो कधी लपवला नाही. लुर्दचं पाणी औषध आहे असा चर्चचा दावाच नाही. आपल्याकडे बाटल्यांतून ‘लुर्दचं पाणी’ येतं, ते आजाऱ्याच्या कपाळाला जरूर लावा. पण बाळाला जुलाब होत असतील तर त्याला मीठ-साखरेचं पाणी पाजा आणि दवाखाना गाठा.

चमत्काराचं काय? लुर्दमध्ये १८८३ पासून डॉक्टरांचं एक कार्यालय आहे. बरं झाल्याचं जो सांगेल, त्याच्या आजाराचे आधीचे आणि नंतरचे कागद तिथे तपासले जातात. तपासणारे डॉक्टर कोणत्याही धर्माचे असू शकतात, धर्म न मानणारेही असू शकतात. आजार गंभीर होता का, त्याचं निदान पक्कं झालं होतं का, चालू औषधानंच तर फरक पडला नाही ना, माणूस एकदम आणि पूर्ण बरा झाला का, आणि पुढे वर्षानुवर्षं बराच राहिला का, असे प्रश्न विचारले जातात. डॉक्टरांनी ‘याचं स्पष्टीकरण आमच्याकडे नाही’ म्हटल्यावरच कागद बिशपांकडे जातात. फ्रान्समधल्या सिस्टर बर्नादेत मोरियो २००८ मध्ये बऱ्या झाल्या आणि त्यावर चमत्कार म्हणून शिक्कामोर्तब झालं २०१८ मध्ये. मधली दहा वर्षं तपासणीत गेली. आजवर सात हजारांहून अधिक जणांनी बरं झाल्याचं तिथे नोंदवलं आहे. एप्रिल २०२५ पर्यंत चर्चनं त्यांतले चमत्कार मानले बहात्तर.

बहात्तर! दीडशेहून अधिक वर्षांत, कोट्यवधी भाविकांमधून. इतकी काटेकोर चर्च, आणि आपण मात्र कोणाची पाठदुखी दोन दिवस थांबली की माइक हातात देऊन साक्ष द्यायला लावतो.

यावरून कोणी म्हणेल, मग बाकीचे कोट्यवधी लोक उगाच गेले का? मला तसं वाटत नाही. आजारी माणूस बारा महिने घरात एका कोपऱ्यात पडलेला असतो. यात्रेत त्याला पुढे बसवतात, वाट करून देतात, त्याच्यासाठी अनोळखी माणसं प्रार्थना करतात. मनावरचा भार हलका होतो, झोप लागते, दुखणंही कमी जाणवतं. हे लाभ खरे आहेत आणि मी ते पाहिले आहेत. मोत माउलीच्या डोंगरावर मेणाच्या वस्तूंचे स्टॉल असतात. मेणाचा हात, मेणाचा पाय, मेणाचं हृदय, मेणाचं तान्हं बाळ, मेणाचं घर. ज्याचं जे दुखतं ते तो घेतो आणि माउलीपुढे ठेवतो. हिंदू बाया घेतात, मुसलमान बाया घेतात. तो मेणाचा पाय दोन्ही हातांत धरून रांगेत उभ्या असलेल्या बाईकडे पाहून कोणाचंही मन भरून येईल. माझं म्हणणं एवढंच की खऱ्या पायाचा एक्स-रेसुद्धा काढलेला असावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ज्यांना दर्शन झालं, ते स्वतः बरे झाले का?

बर्नादेतचा दमा गेला नाही. ती पुढे नेव्हेरच्या मठात सिस्टर झाली, तिथल्या रुग्णखोलीत तिनं आजाऱ्यांची शुश्रूषा केली आणि हाडांच्या टीबीनं १६ एप्रिल १८७९ रोजी वारली. वय पस्तीस. पोर्तुगालमधल्या फातिमाचं तर आणखी हेलावणारं आहे. १९१७ मध्ये मे ते ऑक्टोबर असं तीन मुलांना तिथे दर्शन झालं. लुसिया आणि तिची मामे-आते भावंडं फ्रान्सिस्को आणि जसिंता. नंतर जगभर इन्फ्लुएंझाची साथ आली. फ्रान्सिस्को १९१९ मध्ये गेला, दहा वर्षांचा. जसिंताला लिस्बनच्या हॉस्पिटलात नेलं, तिच्यावर ऑपरेशन केलं, तरी १९२० च्या फेब्रुवारीत ती गेली. तेव्हा तिला दहावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. २०१७ मध्ये चर्चनं या दोघांना संत म्हणून घोषित केलं.

जसिंतानं मारियेला पाहिलं, असं आपण मानतो. तिलाही हॉस्पिटलात नेलं होतं. मग कोणत्या तोंडानं आपण एखाद्या आईला म्हणतो, ‘तुझा विश्वास कमी पडला म्हणून लेकरू बरं झालं नाही’? हे वाक्य आपल्या वस्तीतून, आपल्या तोंडातून कायमचं जाऊ द्या. आजाऱ्याच्या अंगावर आजाराचं ओझं असतंच. त्यावर पापाचं ओझं ठेवायचा अधिकार कोणालाही नाही.

औषधाविषयी चर्चचं सांगणं साधं आहे. आपल्या बायबलमध्ये बेनसिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय आहे. वैद्याला मान द्यावा, औषधं देवानंच जमिनीतून निर्माण केली आहेत, असं त्यात सांगितलं आहे. घरी रात्री तो एकदा मोठ्यानं वाचा. सन २००० मध्ये रोमहून बरं होण्यासाठीच्या प्रार्थनांबद्दल सूचना निघाल्या. प्रार्थना करताना वैद्यकीय उपचार सोडायचे नाहीत, उलट करायचे, आणि अशा सभांमध्ये आरडाओरड, नाटकीपणा, सनसनाटी नको, असं त्यांत म्हटलं आहे.

आपल्या भागात चंगाई सभा, म्हणजे बरं होण्यासाठीच्या प्रार्थनासभा, फार होतात म्हणून हे मुद्दाम सांगते. जालन्यात ख्रिस्ती श्रद्धा मुख्यतः प्रोटेस्टंट मिशननं रुजवली. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात इथे बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. त्या परंपरेतले आपले भाऊबंद माउलीला नवस बोलत नाहीत, पण चंगाई सभेला जातात. त्यांनाही माझं तेच सांगणं आहे. स्टेजवरून ‘चष्मा काढा, काठी टाका, इन्सुलिन बंद करा’ असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. लहानपणापासून साखरेचा आजार असलेल्या मुलाचं इन्सुलिन थांबलं तर थोड्या दिवसांत जीव जातो. टीबीच्या रोग्याला दोन महिन्यांत बरं वाटू लागतं, वजन वाढतं, खोकला थांबतो. नेमकं तेव्हाच लोकांना वाटतं की झालं, चमत्कार घडला. जंतू मात्र शरीरात शिल्लक असतात. सहा महिन्यांचा कोर्स अर्धवट सोडला तर तो टीबी पुन्हा उलटू शकतो आणि तेव्हा साध्या गोळ्यांना दाद देईलच असं नाही. बीपीचं, फिटचं, एचआयव्हीचं, मनाच्या आजाराचं तसंच. गोळी चालू असताना बरं वाटतं ते बहुधा गोळीमुळेच. माउलीनं खरंच बरं केलं असेल तर ते तपासणीत दिसेल. रक्ताचा रिपोर्ट येईल, थुंकीचा रिपोर्ट येईल, डॉक्टर स्वतः गोळी कमी करतील. लुर्दमध्ये होतं तेच इथे होऊ द्या.

मनाच्या आजाराबद्दल थोडं जास्त बोलते, कारण सर्वांत जास्त हाल याच माणसांचे होतात. कोणी एकटंच बडबडतं, कोणाला आवाज ऐकू येतात, कोणी अंगात आल्यासारखं करतं. मग घरचे फिरत राहतात. भोकरदन तालुक्यात जाळीच्या देवाला नेतात, दर्ग्यात नेतात, चर्चमध्ये आणून फादरांना म्हणतात, भूत काढा. त्यात धर्माचा भेद नसतो. एका घरातला माणूस या तिन्ही ठिकाणी जाऊन आलेला असतो. फादरांनी ‘नाही’ म्हटलं तर रागावू नका. बिशपांच्या खास परवानगीशिवाय कोणत्याही फादरला भूत काढण्याचा विधी करता येत नाही, आणि आधी वैद्यकीय कारण आहे का हे पाहावं लागतं. चर्चचा तसा नियमच आहे.

आणि बांधून ठेवू नका. तमिळनाडूतल्या एरवाडीच्या दर्ग्याजवळ मनाचे आजार बरे व्हावेत म्हणून आणलेली माणसं झोपड्यांत साखळीनं बांधून ठेवायचे. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली. साखळीमुळे पळता आलं नाही, अठ्ठावीस माणसं गेली. त्यांना तिथे सोडून आलेल्या घरच्यांचंही त्यांच्यावर प्रेमच असणार, पुढे काय करावं हे कळत नव्हतं. आज २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळीनं बांधायला मनाई आहे. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा तर भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं याला गुन्हा मानतो. साप, कुत्रा, विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणं हाही गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. यात्रा, प्रार्थना, पूजा, नवस यांना या कायद्यानं हात लावलेला नाही, हेही लक्षात ठेवा. ‘आमच्या धर्मावर कायदा आला’ असं कोणी भडकवू लागलं तर त्याला हे सांगा.

मोबाईलवर येणाऱ्या चमत्कारांचं वेगळं सांगायला हवं. मूर्तीच्या डोळ्यांतून पाणी, भिंतीवर मारियेची आकृती, ढगात क्रूस. मुंबईत इर्ल्याला २०१२ मध्ये एका चर्चसमोरच्या क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या पायांतून पाण्याचे थेंब पडू लागले. गर्दी जमली, लोकांनी ते पाणी तीर्थ म्हणून घेतलं. सनल एडमारुकू नावाचे बुद्धिवादी कार्यकर्ते पाहायला आले. जवळच तुंबलेलं सांडपाणी भिंतीतून वर झिरपतंय, असं त्यांनी टीव्हीवर सांगितलं. त्यावर आपल्याच काही लोकांनी त्यांच्याविरुद्ध पोलिसांत तक्रारी केल्या आणि ते देश सोडून फिनलंडला गेले. मला या गोष्टीचं दुःख आहे. त्यांचं बोलणं झोंबलं असेल, पण चौकशी करणं हा गुन्हा नाही. चर्च स्वतः तेच करते. १७ मे २०२४ रोजी व्हॅटिकननं नवे नियम काढले. त्यानुसार एखादं दर्शन दैवीच आहे अशी घोषणा बिशप आता सहसा करणार नाहीत. भक्तीला हरकत नाही, की सावध राहायला हवं, की थांबवायला हवं, एवढंच ते रोमशी बोलून ठरवतील. आणि पहिल्यापासूनची शिकवण अशी की लुर्द किंवा फातिमाच्या दर्शनावर विश्वास ठेवणं कोणत्याही कॅथलिकाला बंधनकारक नाही. ज्याला पटतं त्यानं मानावं. तेव्हा तुमच्या वस्तीत कोणाला दर्शन झालं असं कोणी म्हणालं, तर त्या माणसाची, विशेषतः लहान मुलगी असेल तर तिची, आधी काळजी घ्या. तिचे व्हिडिओ काढू नका. पैसे जमवू नका. फादरांना कळवा. ती झोपते का, जेवते का, घरी तिला कोणी त्रास देतं का, हे पाहा, आणि डॉक्टरांना दाखवा.

आता निघायची तयारी. आजारी माणसाच्या पिशवीत गोळ्या पाकिटासकट ठेवा, सुट्या नकोत. म्हणजे वाटेत काही झालं तर डॉक्टरला नाव वाचता येईल. वेलंकनीचा प्रवास लांबचा, गाड्या उशिरा येतात. दोन-चार दिवसांच्या गोळ्या जास्त घ्या. फाइल आणि डॉक्टरांची चिठ्ठी वर ठेवा, तळाशी नको. इन्सुलिन असेल तर गारव्यात ठेवायची सोय बघा. नवसासाठी उपास करणार असाल तर साखरेच्या आणि फिटच्या रोग्यानं करू नये. घरचं दुसरं कोणी त्याच्या वतीनं करू शकतं. आजाऱ्याला अनवाणी चालवू नका, साखरेच्या रोग्याच्या पायाला जखम झालेली कळतही नाही. महाराष्ट्रात कुठेही १०८ वर ॲम्ब्युलन्स मिळते. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा सरकारचा मोफत नंबर आहे, तो देशभर चालतो. ‘दवाखाना परवडत नाही म्हणून आलो’ असं यात्रेत पुष्कळ जण सांगतात. त्यांनी महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात करावी. टीबीच्या गोळ्या आणि सर्पदंशावरचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे.

फादर आणि सिस्टर लोकांना, आणि जे कोणी गाड्या ठरवतात त्या तरुणांना एक विनंती. नोव्हेनाच्या नऊ दिवसांत रोज मिस्सा संपल्यावर सूचना सांगता, त्यात ‘चालू औषध कोणीही बंद करू नये’ हे एक वाक्य घाला. फादरांच्या तोंडून आलेलं हे वाक्य डॉक्टरांच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त ऐकलं जातं. प्रत्येक गाडीत कोणाला काय आजार आहे आणि कोणती गोळी किती वाजता आहे याची यादी एकाजवळ असू द्या, आणि गाडी निघाल्यावर त्यानं ती वेळेवर विचारावी. परत आल्यावर महिनाभरानं त्याच यादीतल्या घरी जाऊन या, आशाताईंना बरोबर घ्या. ज्याला बरं वाटलं त्याच्याकडे जाच, पण ज्याला काहीच फरक पडला नाही त्याच्याकडे आधी जा.